जुन्या फोनला राखणीला बसवा

फोन जुना होतो म्हणजे त्यातलं नेमकं काय जुनं होतं? बॅटरी दम टाकते आणि कंपनी सुरक्षा-अपडेट देणं बंद करते. कॅमेरा, माइक, जीपीएस, हालचाल टिपणारे सेन्सर हे सगळं बहुतेक वेळा ठणठणीत असतं. असा फोन खिशात बाळगायला आणि बँकेच्या व्यवहाराला बाद झाला, एवढंच. एका जागी बसून करायची कामं तो अजून करू शकतो. मराठवाड्यात त्यातलं मला सगळ्यात पटलेलं काम म्हणजे भूकंपाची राखण.

फोन आडवा धरला की स्क्रीन आडवी होते, ती प्रवेगमापकामुळे, म्हणजे हालचाल टिपणाऱ्या सेन्सरमुळे. हा सिलिकॉनचा जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा तुकडा. दोन कंगव्यांचे दात एकमेकांत घालावेत तशी त्याची रचना असते. एक कंगवा पक्का बसवलेला, दुसरा लवचिक आधारावर तोललेला. फोन हलला की दातांमधलं अंतर बदलतं, त्याबरोबर तिथली विद्युत धारकता (वीजभार साठवायची क्षमता) बदलते आणि त्यावरून चिप धक्क्याचा जोर काढते. जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं 'फायफॉक्स' नावाचं मोफत अ‍ॅप हे आकडे जसेच्या तसे दाखवतं. टेबलावर फोन उताणा ठेवा, एका अक्षावर ९.८ च्या आसपास आकडा येईल. ते गुरुत्वाकर्षण. टेबलाला टिचकी मारली की आलेखात सुळका उठतो. फोन पलंगावर असेल तर कुणी कूस बदलली तरी रेघ हलते, म्हणून राखणीच्या फोनची जागा फरशीवर किंवा भिंतीतल्या कोनाड्यात.

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारीला ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दगडमातीच्या भिंती, जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. अलीकडे हिंगोली भागात जमीन अधूनमधून हलते. २०२४ च्या मार्चमध्ये आणि परत जुलैमध्ये ४.५ च्या आसपासचे धक्के नांदेड-परभणीपर्यंत जाणवले.

गूगलने अँड्रॉइड फोनवरची भूकंप-इशारा यंत्रणा सप्टेंबर २०२३ मध्ये भारतात आणली. चार्जिंगला लावलेला, न हलणारा फोन हा तिचा पहारेकरी. त्याला थरथर जाणवली की तो सर्व्हरला कळवतो. एका फोनवर कुणी विश्वास ठेवत नाही, तो मांजरानेही पाडला असेल. पण एकाच भागातले पुष्कळ फोन एकदम थरथरले तर तो भूकंप. पहिली, सौम्य लहर सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर धावते. नुकसान करणारी दुसरी लहर साडेतीनच्या आसपास. इंटरनेटवरचा संदेश दोघींच्याही पुढे जातो. केंद्रापासून ७० किलोमीटरवरच्या गावात दुसरी लहर पोचायला वीसेक सेकंद लागतात, त्यातले काही हिशेबात गेले तरी अंगणात यायला थोडा वेळ हाती राहतो. केंद्रालगतच्या गावाला मात्र याचा उपयोग नाही, तिथे धक्काच आधी पोचतो. त्या गावाचे फोन लांबच्यांना सावध करतात, इतकंच. त्यासाठी फोनला नेट हवं, लोकेशन चालू हवं आणि सेटिंगमधला भूकंप-इशारा चालू हवा.

अडचण बॅटरीची आहे. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही आणि सतत शंभर टक्के भरून राहणंही सोसत नाही. आतलं द्रावण विघटित होऊन वायू धरतो आणि बॅटरी फुगते. मे महिन्यात परभणी-नांदेडचा पारा ४२ च्या वर गेला की पत्र्याखाली ठेवलेल्या फोनचं काय होईल ते सांगायला नको. फोनमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर उत्तम. नसेल तर टायमरचा सॉकेट लावून फक्त रात्री चार्जिंगला ठेवावा. दिवसाची राखण बुडते, पण जागी असलेली माणसं तशीही पळू शकतात. लाईट गेली की चार्जिंग आणि वायफाय दोन्ही जातं, तेव्हा या राखणीवर डोळे मिटून भरवसा टाकू नये. पाठ फुगलेली किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर फोन दाबू नका, चार्जही करू नका. तो ई-कचरा संकलन केंद्रात द्या.

रान मोजायलाही जुना फोन चालतो, सिम नसलं तरी. फक्त जीपीएसची चूक तीन ते पाच मीटरची असते आणि एक गुंठा म्हणजे जेमतेम दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. चार एकराच्या फवारणीचा अंदाज ठीक, बांधाच्या भांडणात सरकारी मोजणीच लागते.

गाय व्यायला झाली की रात्रीतून चारदा उठून गोठ्यात जावं लागतं, तिथे मात्र हा फोन खरा कामाचा. कॅमेऱ्यातलं दृश्य घरातल्या फोनवर दाखवणारं, पाळतीचं एखादं अ‍ॅप टाकून तो दाव्याच्या पल्ल्याबाहेर उंच टांगा आणि शेजारी छोटा बल्ब लावा, कारण फोनचा कॅमेरा अंधारात आंधळाच. त्याआधी सगळी खाती काढून फोनमधला डेटा पुसून घ्यावा. गोठ्यातला अमोनिया आणि दमट हवा आतल्या तांब्याला गंजवते, म्हणून गाय मोकळी झाली की फोन उतरवून घरात आणावा.