तुळस रात्री प्राणवायू सोडत नाही

‘तुळस २४ तास प्राणवायू सोडते, पहाटे तर ओझोनही देते’ हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही. झाडं प्राणवायू तयार करतात ती प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला उजेड लागतो. अंधारात तुळसही आपल्यासारखीच प्राणवायू घेते. ओझोन ती सोडतच नाही, हे बरंच आहे. जमिनीलगतचा ओझोन फुप्फुसांना त्रासदायक असतो.

तुळशीचं मोल वेगळं. खोकल्याच्या काढ्यात आलं-मिऱ्यांसोबत तिची पानं पडतात, तो आयुर्वेदातला जुना वापर. तिच्या उग्र वासामागे युजेनॉल नावाचं रसायन असतं, लवंगेतही तेच. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ तिच्याच काष्ठाची, आणि कार्तिकात तुळशीचं लग्न लागल्यावरच आपल्याकडे लग्नसराई सुरू होते.