फासे घेण्याआधी कॅरेक्टर शीट दाखवा

टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचे रोल-प्लेइंग गेम असतात, त्यांचे फासे आम्ही विकतो. आपल्या पात्राचे आकडे ज्या कागदावर असतात ती कॅरेक्टर शीट. दुकानात रोज कोणीतरी म्हणतं, "फायटिंगच्या गेमचे फासे द्या." आम्ही विचारतो, टक्के बघता की मूठभर टाकता? "ते जीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, माहीत. तुम्ही सातचा सेट द्या." घोळ इथेच होतो. सातच्या सेटमध्ये चार ते वीस बाजूंचे सात फासे असतात.

जुळे सोलापूरचा एक मुलगा शनिवारी सातचे तीन सेट घेऊन गेला. रविवारी मंडळी शॅडोरन खेळायला बसली. त्यात एका हल्ल्याला आठ-दहा सहाबाजूंचे फासे एकदम टाकायचे असतात, आणि सातच्या सेटमध्ये सहाबाजूंचा फासा असतो एक. तीन सेटचे मिळून तीन! मग तेच तीन उचलायचे, परत टाकायचे, ५ नि ६ च्या (यात तीच यशं) रेघा वहीत ओढायच्या. मध्येच कोणी विचारणार, "कितवं झालं रे?" गणितात याने काही बिघडत नाही, पण एका पहारेकऱ्याला आडवं करण्यात त्यांची संध्याकाळ गेली. सोमवारी सेट परत करायला आला. फोडलेला सेट आम्ही घेत नाही, याचा काहींना राग येतो. पण सातातला एक सोफ्याखाली राहिला तर उरलेले सहा कोण घेणार?

म्हणून शीट बघा. शस्त्रापुढे ४५, ६० असे आकडे असतील तर गेम टक्केवारीचा, १९८१ मध्ये आलेल्या कॉल ऑफ क्थुल्हूसारखा. दशकाचा एक फासा, एककाचा एक; ४५ किंवा त्याखाली दान पडलं की वार लागला. याला सातचा एक सेट पुरतो. (०० आणि ० म्हणजे १००. ०० आणि ५ म्हणजे ५. यासाठी रात्री फोन नको.)

शीटवर ३, ४ असे लहान आकडे असतील तर बहुधा मूठभर फाशांचा, म्हणजे पूलचा गेम. गोल भरायचे ठिपके असतील, व्हँपायर या गेमसारखे, तर तिथे दहाबाजूंचे फासे लागतात.

यातलं चांगलं कुठलं? टक्केवारीत कौशल्य १० ने वाढलं की संधीही १० ने वाढते, हिशोब सरळ. पूलमध्ये ५-६ ला यश धरलं, तर निदान एक यश मिळायची शक्यता एका फाशाला ३३ टक्के, दोनला ५६, तीनला ७०, सहाला ९१. प्रत्येक नवा फासा आधीच्यापेक्षा कमी भर घालतो. पण यशं किती आली यावरून घाव केवढा बसला तेही बऱ्याच गेममध्ये त्याच दानात ठरतं. टक्केवारीत आधी लागला का, मग समोरच्याने चुकवला का, मग इजेचं दान वेगळं. मला स्वतःला मूठ आवडते. जास्त फासे खपतात म्हणून म्हणतोय असं वाटलं तर वाटू द्या.

सहाबाजूंचे फासे आमच्याकडे सुटेही मिळतात, डझनाने थोडे स्वस्त. घरचे लुडोचे असतील तर आधी ते वापरा, कमी पडतील तेवढेच घ्या. फासे टेबलाखाली पळत असतील तर लाकडी ट्रे आहे, तळाला आपल्या सोलापुरी चादरीचा तुकडा लावलेला. आवाजही कमी होतो. शीटचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलात तर मोजून बांधून ठेवू. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मात्र दुपारीच या, संध्याकाळी दुकानात उभं राहायला जागा नसते.