काकापो आणि नाइट पॅरट: अंधारात वावरणारे दोन हिरवे पोपट

हिरव्या अंगावर पिवळी-काळी नक्षी, बसका बांधा, दिवसभर जमिनीलगत दडून बसायचं आणि अंधार पडला की बाहेर पडायचं. न्यूझीलंडचा काकापो आणि ऑस्ट्रेलियाचा नाइट पॅरट यांचं वर्णन इतकं जुळतं, की पूर्वीचे पक्षितज्ज्ञही त्यांना जवळचे नातलग मानत. डीएनएने ते नातं मोडीत काढलं. काकापोची भावकी न्यूझीलंडच्याच किआ आणि काका या पोपटांशी आहे. नाइट पॅरटचा जवळचा नातलग म्हणजे ऑस्ट्रेलियातला ग्राउंड पॅरट.

फोटोत आकार कळत नाही, म्हणून आजही घोळ होतो. नर काकापो सहज दोन किलो भरतो, काही तर चार किलोंपर्यंत जातात. जगातला हा सर्वांत वजनदार पोपट. नाइट पॅरट जेमतेम शंभर ग्रॅमचा. शिवाय तो उडतो, आणि रात्रीतून बराच लांबचा पल्ला मारतो. काकापोला पंख आहेत, पण उडण्याचे स्नायू ज्यावर बसतात तो छातीच्या हाडाचा उंचवटा त्याच्यात जवळपास उरलेलाच नाही. तो पायी हिंडतो, चोच आणि नख्या रोवत झाडावर चढतो आणि खाली येताना पंख पसरून तोल सावरतो.

काकापोचा विणीचा हंगाम तर विलक्षणच. रिमूच्या झाडांना भरपूर फळं धरणार असतील त्याच वर्षी तो येतो, म्हणजे साधारण दोन ते चार वर्षांतून एकदा. नर डोंगराच्या सोंडेवर मातीत उथळ खळगा करतो, तिथपर्यंतची वाट काडीकचरा काढून साफ ठेवतो. मग खळग्यात बसून छाती फुगवतो आणि खर्जात घुमू लागतो. हे तासन्‌तास चालतं, रात्रीमागून रात्री, दोन-तीन महिने. आवाज काही किलोमीटरपर्यंत पोचतो. मादी येते, जोडी जमते आणि नराचं काम तिथेच संपतं. अंडी उबवणं, पिल्लं वाढवणं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. चाऱ्यासाठी ती रात्री बाहेर पडली की पिल्लं उघड्यावर, आणि उंदरांना तेवढं पुरतं.

खुद्द मोठा पक्षीही तितकाच असहाय. धोका दिसला की तो जागच्या जागी थिजतो. वरून नजरेने शिकार शोधणाऱ्या गरुडांपुढे ही युक्ती हजारो वर्षं चालली. माणसाबरोबर आलेले उंदीर, मांजरं आणि मुंगसाच्या चणीचे स्टोट मात्र वासावर येतात, आणि काकापोच्या अंगाला गोडसर उग्र वास असतो. 1894 पासून रिचर्ड हेन्री या रखवालदाराने शेकडो पक्षी रेझोल्यूशन बेटावर नेऊन सोडले. काही वर्षांत स्टोट पोहत तिथेही पोचले. 1995 मध्ये सगळे मिळून 51 काकापो उरले होते.

त्यानंतरचं काम पाहिलं की ऊर भरून येतो. शिकारी प्राणी हटवलेल्या बेटांवर आज जवळपास प्रत्येक पक्ष्याला ट्रान्समीटर आणि स्वतःचं नाव आहे. घरट्यांवर पहारा असतो, गरज पडली तर पिल्लं हाताने वाढवतात. जास्तीचं खाणं दिल्यावर लठ्ठ माद्यांना नरच जास्त होऊ लागले, तेव्हा वजन बघून खाणं देण्याची पद्धत आली. 2022 मध्ये संख्या 250 च्या पुढे गेली.

नाइट पॅरटची गोष्ट इथे पूर्ण वेगळी होते. काकापो अडकला तो बेटांवर. हा हरवला तो वाळवंटात, स्पिनिफेक्स गवताच्या टोचऱ्या ठोंबांत. विसाव्या शतकातली कित्येक दशकं त्याचा ठोस पुरावाच नव्हता. 1990 मध्ये क्वीन्सलंडमध्ये रस्त्याकडेला एक मेलेला पक्षी सापडला, आणि 2013 मध्ये निसर्ग अभ्यासक जॉन यंग यांनी जिवंत पक्ष्याचे फोटो मिळवले. तो जिथे दिसला तिथे पुढे पुलन पुलन अभयारण्य झालं. नेमक्या जागा आजही गुप्त ठेवतात. मला हेच योग्य वाटतं. इथे घरट्यापर्यंत जायचंच नाही. ध्वनिमुद्रण यंत्रं लावायची आणि सूर्यास्तानंतर येणारी घंटीसारखी साद ऐकायची.

याच वाटेने ग्रेट सँडी वाळवंटात न्गुरुर्पा आदिवासी रेंजर आणि शास्त्रज्ञांना मोठी वस्ती सापडली. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा अंदाज 50 पक्ष्यांपर्यंतचा आहे. तिथे दोन काळज्या आहेत. एक वणव्याची, कारण दडायला जुनं, दाट वाढलेलं गवतच लागतं. दुसरी रानमांजरांची. रेंजरांनी डिंगो या ऑस्ट्रेलियातल्या रानकुत्र्यांची विष्ठा तपासली तेव्हा त्यात मांजरांचे अवशेष निघाले. या भागात डिंगो मारू नयेत, असं त्यांचं म्हणणं आहे.