बोअरचे पाणी उकळले म्हणजे निर्धोक झाले का?

‘पाणी नितळ आहे, वास नाही, उकळून घेतले की झाले,’ हा समज कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतींच्या आसपास बोअर वापरणाऱ्या घरांत वर्षानुवर्षे चालत आला आहे. तो जंतूंपुरताच खरा आहे. उकळल्याने क्रोमियम, शिसे किंवा नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण किंचित वाढते. सुट्या भागांवरचे ग्रीस काढणारे ट्रायक्लोरोएथिलीनसारखे द्रावक उडून जाते खरे, पण ते स्वयंपाकघराच्या हवेत मिसळून श्वासावाटे शरीरात शिरते.

नितळपणाचेही तसेच. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे आणि क्रोमेटची, म्हणजे क्रोमियमच्या एका संयुगाची, पिवळसर छटा डोळ्यांना दिसते ती याच्या कितीतरी पट प्रमाण झाल्यावर.

म्हणून धोका ठरवताना पाण्यात काय आहे एवढेच नव्हे, तर ते कोणत्या वाटेने, किती आणि कोणाच्या शरीरात जाते हेही मोजावे लागते. १० किलोचे मूल रोज १ लिटर आणि ६० किलोची प्रौढ व्यक्ती २ लिटर पाणी पीत असेल, तर वजनाच्या मानाने मुलाला तिप्पट मात्रा मिळते.

शेजाऱ्याचा तपासणी अहवालही आपल्या उपयोगाचा नाही, कारण आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी भेगांतून वाहते आणि जवळजवळच्या दोन बोअरचे पाणी वेगळे निघू शकते. नमुना देताना धातू आणि द्रावकांची तपासणी प्रयोगशाळेकडे नावानिशी मागावी; केवळ क्षार व जंतूंच्या चाचणीत ते कळत नाहीत.