मोटारगाड्या व ट्रकच्या प्लॅस्टिक प्रतिकृती : जुळणी आणि संग्रह

खऱ्या वाहनाचे भाग ठराविक प्रमाणात लहान करून प्लॅस्टिकमध्ये साच्यातून काढलेले असतात. ते कापून, घासून, चिकटवून आणि रंगवून मोटारगाडीची किंवा ट्रकची प्रतिकृती उभी करणे, तसेच अशा प्रतिकृती वा त्यांचे न जोडलेले संच जमवणे, असा हा दुहेरी छंद आहे. धातूच्या तयार डायकास्ट गाड्यांत जोडणी आणि रंगकाम कारखान्यातच उरकलेले असते. येथे ती दोन्ही कामे संच घेणाऱ्याला करावी लागतात. पैकी जोडणी नीट वाचून आणि धीर धरून कोणालाही साधते. खरी कसोटी लागते ती पत्र्यावरच्या रंगासारखा दिसणारा रंग चढवताना. नाशिकमध्ये सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रचा मोटार कारखाना आहे, वाहनांचे सुटे भाग बनवणारे उद्योग सातपूर-अंबड पट्ट्यात आहेत आणि डेंटिंग-पेंटिंगची गॅरेजे शहरभर आहेत. त्यामुळे या छंदाचे सर्वांत अवघड अंग इथे पुस्तकापेक्षा गॅरेजात उभे राहून लवकर कळते.

मोटारींसाठी १:२४ आणि १:२५ ही प्रमाणे रूढ आहेत. पहिले फूट-इंचांच्या हिशेबातले असून त्यात मूळच्या एका फुटाला प्रतिकृतीत अर्धा इंच मिळतो. दुसरे प्रामुख्याने अमेरिकी संचांत आढळते. साडेचार मीटर लांबीची गाडी १:२४ मध्ये १८.७५ सेंमी. भरते, तर १:२५ मध्ये १८ सेंमी. हा पाऊण सेंटिमीटर फळीवर शेजारी ठेवलेल्या गाड्यांत सहसा डोळ्यांत भरत नाही. मात्र एका संचातले इंजिन दुसऱ्याच्या बॉनेटखाली बसवू गेल्यास तो लगेच आडवा येतो. लष्करी वाहनांसाठी १:३५ आणि मोठ्या रेसिंग गाड्यांसाठी १:१२ ही प्रमाणेही वापरात आहेत.

प्लॅस्टिकच्या जुळणी-संचांचा आरंभ विमानांपासून झाला. ब्रिटनमधील फ्रॉग कंपनीने १९३६ मध्ये ‘पेंग्विन’ या नावाने सेल्युलोज ॲसिटेटचे संच विक्रीस आणले. एअरफिक्स या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीची पहिली जुळणी-प्रतिकृती मात्र शेतावरची होती : १९४९ मध्ये तिने फर्ग्युसन ट्रॅक्टरची प्रतिकृती त्या ट्रॅक्टरच्या प्रचारासाठी बनवून दिली. अमेरिकेतही मोटारींच्या प्रतिकृती प्रथम प्रचारसाहित्य म्हणूनच आल्या. नव्या वर्षाचे मॉडेल शोरूममध्ये आले की विक्रेते त्याची हुबेहूब लहान गाडी गिऱ्हाइकाला, बहुधा त्याच्या मुलांसाठी, देत असत. मिशिगन राज्यातील एएमटी आणि जो-हॅन या कंपन्या अशा गाड्या बनवत. एएमटीने १९५८ च्या सुमारास हेच साचे वापरून ‘थ्री-इन-वन’ संच काढले. एकाच पेटीतून कारखान्यातून निघालेली, हौशी फेरबदल केलेली किंवा शर्यतीची, अशी तीनपैकी कोणतीही गाडी करता येई. उरलेले भाग फेकवत नसत, त्यामुळे सुट्या भागांचा डबा हा या छंदाचा कायमचा सोबती झाला. कॅलिफोर्नियातील रेव्हेल कंपनीने १९५० च्या दशकारंभी ‘हायवे पायोनियर्स’ या मालिकेत जुन्या मोटारी लहान प्रमाणात आणल्या होत्या. जपानच्या शिझुओका शहरातील तामिया ही मूळची लाकडाच्या व्यवसायातील कंपनी १९६० मध्ये प्लॅस्टिककडे वळली आणि १९६७ मध्ये तिने होंडाची फॉर्म्युला वन गाडी १:१२ प्रमाणात काढली. भाग एकमेकांत अचूक बसण्याबाबत तामियाला आजही मापदंड मानले जाते आणि ते योग्यच आहे. नवशिक्याने पहिला संच जुन्या अमेरिकी साच्यातला घेऊ नये, हा सल्ला त्यातूनच येतो.

संचातील भाग पॉलिस्टायरीनचे असतात व ज्या चौकटीला ते लटकलेले असतात तिला सगळेजण ‘स्प्रू’ असे म्हणतात. भाग बोटांनी मोडून काढल्यास त्याचा लचका निघतो, म्हणून सपाट धारेच्या कटरने तो थोडा लांबून कापतात आणि उरलेला देठ पात्याने छाटून घासतात. जोडणीसाठी वापरण्याच्या पातळ द्रवात ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट यांसारखे विद्रावक असतात. दोन भाग आधी जुळवून धरायचे आणि कुंचल्याचे टोक फटीला टेकवायचे, की द्रव आपोआप फटीत ओढला जातो, दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळवतो आणि उडून जातो. मागे राहतो तो एकसंध सांधा. फेविक्विकसारख्या सायनोॲक्रिलेट चिकटद्रव्याचा सांधा चटकन धरतो, परंतु त्याची वाफ पारदर्शक भागांवर पांढरी झाक सोडते. या कारणाने पुढची काच साध्या फेविकॉलने बसवतात, कारण तो वाळल्यावर पारदर्शक होतो. बंपर, जाळी यांसारख्या चकचकीत भागांवर निर्वात कक्षात ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ थर चढवलेला असतो. विद्रावक त्यातून खालच्या प्लॅस्टिकपर्यंत पोहोचत नाही. तेथे सांध्यापुरता थर खरवडावा लागतो.

विमान किंवा रणगाडा यांच्या प्रतिकृतीवरील लहानसहान दोष मातकट रंगाखाली आणि धुरकटपणाखाली झाकले जातात. मोटारीला ती सवलत नाही. तिची बॉडी म्हणजे जवळजवळ सगळी प्रतिकृतीच, आणि ती आरशासारखी चमकावी अशी अपेक्षा असते. साच्याचे तुकडे जेथे मिळतात तेथे मडगार्डच्या माथ्यावरून आणि छताच्या कडेने केसाएवढी बारीक रेघ जाते. ती ८०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून घासली नाही, तर रंगानंतर पाच फुटांवरूनही दिसते. दुसरा प्रश्न जाडीचा. खऱ्या गाडीवर प्रायमर या अस्तरापासून क्लिअर कोट या वरच्या पारदर्शक थरापर्यंत सर्व थर मिळून साधारण ०.१ मिमी. भरतात, तेवढाच थर १:२४ च्या गाडीवर बसला, तर तो मूळ गाडीवर २.४ मिमी. रंग थापल्यासारखा होतो आणि दारांच्या फटी बुजतात. म्हणून रंगापूर्वी दारे, बॉनेट व डिकीच्या रेषा टोकदार हत्याराने हलके कोरून खोल करतात. मेटॅलिक रंगातील चमकीलाही हाच हिशेब लागू पडतो. गॅरेजातला चंदेरी रंग जसाच्या तसा मारला, की चमकीचा प्रत्येक कण चोवीस पट मोठा भासतो आणि गाडी लग्नाच्या वरातीसाठी सजवल्यासारखी दिसते.

तरीही नाशिकमधील जुळणी करणाऱ्याला गॅरेजवाल्यांच्या रंगदुकानाचा मोठा आधार असतो. ज्वालाग्राही म्हणून स्प्रेचे डबे विमान-टपालाने मागवता येत नाहीत, आणि तसेही छंदासाठीचे परदेशी रंग महाग पडतात. त्याउलट शहरातील दुकानात रंगाचा कोड सांगितला की यंत्रावर तोलून थोडा रंग मिळतो. बोलेरोचा किंवा स्कॉर्पिओचा, म्हणजे याच शहरात तयार झालेल्या गाडीचा, नेमका रंगही मिळू शकतो. एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज, रंग लवकर वाळतो व चांगला घासला जातो. त्याचे थिनर मात्र पॉलिस्टायरीनला खाते : उघड्या प्लॅस्टिकवर ओला कोट बसला तर पृष्ठभागावर बारीक जाळे उमटते आणि मग पुन्हा पुट्टीपासून आरंभ करावा लागतो. उपाय म्हणजे आधी प्रायमरचे दोन-तीन कोरडे, धुक्यासारखे कोट मारून कवच तयार करणे. एअरब्रशला, म्हणजे हवेच्या दाबाने बारीक फवारा मारणाऱ्या पेनसारख्या उपकरणाला, दाब साधारण १५ ते २० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) ठेवतात आणि रंग दुधाएवढा पातळ करतात. लाल प्लॅस्टिकवर पांढरा रंग देताना मध्ये चंदेरी थर दिल्यास खालची लाली वर येत नाही. शेवटी क्लिअर कोट पुरता वाळू देऊन २००० नंबरच्या पुढचे पेपर आणि रबिंग कंपाउंड लावतात. कडांवर जरा अधिक घासले की प्रायमर उघडा पडतो, हे प्रत्येक पेंटरला ठाऊक असते आणि त्यातल्या बहुतेकांना ते शिकवायलाही आवडते. हार्डनर घालून वापरायचे टू-के क्लिअर दिसायला उत्तम असले, तरी त्यात आयसोसायनेट असतात. ते घरातल्या गॅलरीत योग्य मास्कशिवाय मारणे धोक्याचे आहे. गॅरेजात लोक रुमाल बांधून मारतात, हा आदर्श घेऊ नये.

या कामाला ऋतूही पाहावा लागतो. विद्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेत ओलावा असला की त्यावर बाष्प जमून एनसीसारख्या लॅकर रंगावर दुधाळ झाक येते. जून ते सप्टेंबर हे महिने नाशिकमध्ये अशा हवेचे असल्याने पावसाळ्यात इंजिन, चॅसिस, डॅशबोर्ड अशी कुंचल्याने रंगवायची कामे उरकून बॉडीचा रंग दसऱ्यानंतरवर ढकलणे शहाणपणाचे ठरते. हिवाळ्यातली कोरडी हवा उत्तम; फक्त सकाळच्या थंडीत स्प्रेच्या डब्याचा दाब कमी होऊन रंग थेंबाथेंबाने पडतो. तो डबा कोमट पाण्यात, उकळत्या कधीच नव्हे, काही वेळ ठेवून वापरतात.

ट्रकच्या प्रतिकृती हे याच छंदाचे दुसरे आणि बऱ्याच अंशी वेगळे अंग आहे. एएमटीने अमेरिकेतील लांब नाकाचे पीटरबिल्ट व केनवर्थ १:२५ मध्ये आणले; इटलीच्या इटालेरी कंपनीने १:२४ मध्ये स्कॅनिया, व्होल्व्हो, मर्सिडीज, इव्हेको असे सपाट तोंडाचे युरोपीय ट्रक काढले. जपानमध्ये दिव्यांनी आणि चित्रांनी मढवलेल्या ‘देकोतोरा’ ट्रकांचे संच आओशिमा ही कंपनी १:३२ प्रमाणात काढते. ट्रकच्या संचात भाग शेकड्यांनी असतात आणि चॅसिस प्रथम अगदी सरळ, काटकोनात जुळली नाही, तर शेवटी एक चाक अधांतरी राहते. जाड काचेवर ठेवून चॅसिस जोडण्याचा प्रघात त्यासाठीच आहे. एक सोय मात्र ट्रककडे आहे : तो राबलेला दिसला तरी चालतो. धुळीचे पट्टे, डिझेल टाकीखालचे ओघळ, मडफ्लॅपवरची वाळलेली माती हे सारे पाहण्यासाठी आडगावच्या ट्रक टर्मिनसपर्यंत किंवा कांद्याच्या हंगामात लासलगावच्या रस्त्यापर्यंत जाणे पुरते. माती चाकांच्या मागे कोणत्या आकारात उडते हे एकदा नीट पाहिले, की प्रतिकृतीवर तपकिरी रंगाची सरसकट फवारणी करण्याचा मोह राहत नाही.

अडचण अशी, की मुंबई-आग्रा महामार्गावर रोज दिसणारा भारतीय ट्रक मोठ्या कंपन्यांच्या पेट्यांतून मिळत नाही. तो हवा असल्यास पॉलिस्टायरीनचे पत्रे कापून केबिन व हौदा हाताने करावा लागतो, किंवा थ्रीडी प्रिंटरवर रेझिनमध्ये भाग काढावे लागतात. छपाईच्या थरांच्या रेषा घासून काढण्याचे काम त्यातही चुकत नाही. भारतात ट्रकचे नुसते चॅसिस घेऊन त्यावर स्थानिक कारागिराकडून बॉडी बांधून घेण्याची जुनी रीत असल्याने एका ट्रकसारखा दुसरा नसतो. प्रतिकृती करणाऱ्याने त्यामुळे एखादाच खरा ट्रक निवडून त्याची मापे आणि छायाचित्रे घ्यावीत, हे उत्तम. मागच्या फळीवरील ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिण्यास महाराष्ट्रात २०१५ पासून बंदी आहे; नव्या ट्रकवर ते लिहिले, तर कालविपर्यास होतो. नंबरप्लेटसाठी एमएच-१५ हा नाशिकचा संकेत घरच्या प्रिंटरवर डेकल कागदावर, म्हणजे पाण्यात भिजवून चित्र सरकवून चिकटवायच्या कागदावर, छापता येतो, पण असे प्रिंटर पांढरी शाई छापत नाहीत. त्यामुळे पारदर्शक डेकलवरचा व्यावसायिक वाहनाच्या प्लेटचा पिवळा रंग गडद पृष्ठभागावर विरून जातो आणि प्लेट पांढऱ्या डेकल कागदावरच काढावी लागते.

भारतीय गाड्यांचे वळसे घेऊन मिळणारे नातेवाईक मात्र आहेत. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाअखेरीस भारतात विलीज जीप जुळवण्यास आरंभ केला, आणि विलीज एमबी जीपचे संच तामियासह अनेक कंपन्यांनी काढलेले आहेत. महायुद्धकालीन एमबीपासून आपल्याकडच्या जीपपर्यंत पोहोचायला पुढची जाळी, बॉनेट आणि स्टिअरिंगची बाजू बदलावी लागते. स्टिअरिंगचा मुद्दा सर्वत्र येतो : अमेरिकी संच डाव्या बाजूचेच असतात, जपानी देशांतर्गत गाड्यांचे संच आपल्यासारखे उजव्या बाजूचे असतात.

संग्राहकांत जोडून मांडणारे आणि सीलबंद पेट्या राखणारे असे दोन पंथ असून दोघांना एकमेकांची कीव वाटते. पेटीची किंमत ठरते ती साचा पुन्हा वापरला गेला की नाही यावर. साचे पोलादी व टिकाऊ असल्याने कंपनी विकली गेली की तेही हस्तांतरित होतात. एएमटी १९७८ मध्ये ब्रिटनच्या लेस्नीकडे व पुढे अर्टलकडे गेली, आणि तिचे कित्येक जुने संच आज राउंड टू या कंपनीच्या पेटीत नव्याने मिळतात. असा संच पुन्हा बाजारात आला की जुन्या पेटीचा भाव बहुधा उतरतो. भारतीय ग्राहकाच्या खिशाला सीमाशुल्काचीही झळ बसते, कारण लघुप्रमाण प्रतिकृती खेळण्यांच्याच ९५०३ या शीर्षकाखाली मोडतात आणि खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के, तर २०२३ मध्ये ७० टक्के झाले.

जपणूक करताना सर्वांत जास्त हानी टायर करतात. जुन्या संचांतील मऊ व्हिनाइल टायरमधून प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य पाझरते आणि वर्षानुवर्षे टेकून राहिलेल्या काचेत किंवा बॉडीत टायरचा ठसा वितळून उमटतो, म्हणून जुनी पेटी हाती आली की टायर आधी वेगळ्या पिशवीत काढतात. पिवळे पडलेले डेकल पिशवीत घालून खिडकीच्या काचेला आतून चिकटवले, की काही दिवसांच्या उन्हात बरेच उजळतात. तेच ऊन मांडलेल्या गाडीच्या लाल रंगाला फिके करते, आणि पश्चिमेच्या भिंतीवरचे काचेचे कपाट एप्रिल-मे महिन्यांत नाशिकमध्येही इतके तापते की लांब, पातळ भाग वाकू लागतात. ट्रक-ट्रेलर जमवणाऱ्याने कपाट करून घेण्यापूर्वी सुताराला माप द्यावे : १६ मीटरचा जोड १:२४ मध्ये ६७ सेंमी. होतो, आणि बाजारात मिळणाऱ्या अनेक फळ्यांवर तो आडवा मावत नाही.