लेहची हाफ मॅरेथॉन पळायचीय? पात्रता, कागदपत्रं आणि तारखांचं गणित

लडाख मॅरेथॉनमधल्या हाफचा ऑनलाइन फॉर्म तसा दहा-पंधरा मिनिटांत भरून होतो, त्यात अवघड काही नाही. लोक अडकतात ते फॉर्मच्या आधीच्या आणि नंतरच्या गोष्टींत, म्हणजे मेडिकल कधी काढायचं, लेहला किती दिवस आधी पोचायचं, डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घेतली तर चालते का वगैरे. म्हणून शर्यतीची तारीख कॅलेंडरवर टाका आणि तिथून उलटं मोजत या. ऑफिसातून तेवढी सुट्टी मिळणार नसेल तर फॉर्म भरूच नका, कारण अशा शर्यतींची फी बहुतेक वेळा परत मिळत नाही.

ही शर्यत २०१२ पासून होतेय, सप्टेंबरमध्ये, लेह शहरात, साधारण ३,५०० मीटरवर. हाफसोबत फुल असते, लहान अंतरं असतात, आणि ७२ किमीची खारदुंगला चॅलेंज आणि १२२ किमीची सिल्क रूट अल्ट्रा अशी वेड्या लोकांसाठीची दोन अंतरंही आहेत. गोठलेल्या पँगाँग तलावावरची २१ किमी वेगळी, ती फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिल्यांदा झाली आणि तिची नोंद गिनीजमध्ये आहे, पण पहिल्याच खेपेला तिकडे जायचा विचार करू नका.

पात्रतेचं म्हणाल तर वय शर्यतीच्या दिवशी १८ पूर्ण असलं की वयाची अडचण सहसा येत नाही. नियमावली मात्र त्या वर्षीची उघडून वाचा, मित्राने मागच्या वर्षीचा स्क्रीनशॉट पाठवला म्हणून त्यावर जाऊ नका. खारदुंगलासाठी आधी लांब शर्यती पूर्ण केल्याचा पुरावा मागतात, हाफला तेवढी कडक अट नसते. तरी माझं मत विचाराल तर सपाटीवरच्या दोन-तीन हाफ आरामात झालेल्या नसतील तर थांबा. आणि साताऱ्याची हिल मॅरेथॉन केलीय म्हणजे लेह जमेल असं समजू नका, तिथे चढाची प्रॅक्टिस होते, विरळ हवेची नाही. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, लेहचा विमानतळच ३,२५० च्या वर आहे, म्हणजे महाराष्ट्रात राहून या उंचीची सवय करायला जागाच नाही. लेहला हवेतला ऑक्सिजनचा टक्का तोच २१ च्या आसपास असतो पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजन कमी आणि तुमचा नेहमीचा पेस (पळण्याचा वेग) विसरायचा.

आता मेडिकल. फिटनेस सर्टिफिकेट एमबीबीएस किंवा त्यावरच्या डॉक्टरकडून घ्या, लेटरहेडवर, तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर असलेलं. काही आयोजक स्वतःचा नमुना देतात, मग तोच प्रिंट काढून न्यायचा. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बीपी बघून दोन मिनिटांत सही मिळते हे सगळ्यांना माहितीये, पण इथे तसला कागद घेऊन काय करणार, तो अपलोड होईल पण लेहला तुमच्या फुप्फुसांना तो दाखवता येत नाही. डॉक्टरांना स्पष्ट सांगा की साडेतीन हजार मीटरवर २१ किमी पळायचंय. ईसीजी, बीपी, शुगर, हिमोग्लोबिन हे किमान, चाळिशीच्या पुढचे असाल किंवा घरात हार्टचा इतिहास असेल तर स्ट्रेस टेस्ट किंवा टू-डी इको करायची का ते विचारा. हे सगळं दोनेक महिने आधी करायचं, कारण हिमोग्लोबिन किंवा फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) कमी निघालं (बायकांमध्ये हे फार कॉमन आहे) तर ते भरून यायला वेळ लागतो आणि उंचीवर शरीर नवीन रक्त बनवताना लोह वापरतं. आयोजक सर्टिफिकेट किती जुनं चालवतात ते बघून अंतिम सही नंतर घेता येते, तपासण्या मात्र आधी.

अजून एक, जे फॉर्ममध्ये कुणी विचारणार नाही. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे (रक्ताचा आनुवंशिक आजार) वाहक बरेच आहेत आणि वाहकाला एरवी काही त्रास नसतो, पण उंचीवर प्लीहेला इजा होण्याचा आणि जास्त श्रमात कोसळण्याचा धोका त्यांना असतो. घरात कुणाला असेल तर टेस्ट करूनच ठरवा. बीपी कंट्रोलमध्ये नाही, फिट्स येतात, फुप्फुसाचा किंवा हार्टचा आजार आहे, प्रेग्नन्सी आहे, तर आधी स्पेशालिस्ट. हमीपत्रावर आपण ‘मला कोणताही आजार नाही’ याखाली सही करतो ते लोक वाचत नाहीत, आणि खोटी माहिती दिली असेल तर विम्याचा क्लेमही अडकू शकतो. विम्याचंही तेच, बऱ्याच पॉलिसींमध्ये उंचीची मर्यादा असते आणि स्पर्धा वगळलेली असते, घेण्याआधी ते पान शोधून वाचा.

डायमॉक्सबद्दल जरा सविस्तर. उंचीच्या त्रासासाठी डॉक्टर सहसा १२५ मिग्रॅ दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात, पण सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा आणि मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनाने घेऊ नका. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला होतं, ते नॉर्मल. पण हे औषध, म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड, वाडाच्या (डोपिंगवर लक्ष ठेवणारी जागतिक संस्था) बंदी घातलेल्या यादीत आहे, मूत्रवर्धक म्हणून, आणि स्पर्धेपुरतं नाही तर कायम. त्यामुळे नॅशनल लेव्हलला खेळत असाल तर नाडाकडे (तशीच आपल्या देशातली संस्था) उपचारासाठीच्या सवलतीचा, म्हणजे टीयूईचा अर्ज किमान ३० दिवस आधी करावा लागतो, सोबत निदान, रिपोर्ट आणि प्रिस्क्रिप्शन, आणि मंजुरी मिळेलच असं नाही. आपल्यासारख्या हौशी पळणाऱ्यांना सँपल घेतलंच तर नंतरही अर्ज करता येतो, पण प्रिस्क्रिप्शन हातात असायलाच हवं. डेक्सामेथासोनच्या (हे स्टेरॉइड) गोळ्यांनाही स्पर्धेच्या काळात बंदी आहे, तशीही ती पळण्यासाठी खायची गोष्ट नाही.

तिकीट काढताना विमानाने जाणार असाल तर पहिले ४८ तास फक्त आराम, शॉपिंगलासुद्धा नाही. त्यानंतर चालणं, मग हळू जॉगिंग, म्हणजे आठवडाभर आधी पोचलात तर बरं, दहा दिवस मिळाले तर उत्तम. शुक्रवारी उतरून रविवारी पळायचं असला प्लॅन करणाऱ्यांशी मी वादच घालत नाही आता. रोडने जायचं तर श्रीनगर-कारगिल मार्गे उंची हळूहळू वाढते, मनालीकडून सरचूला ४,२०० मीटरच्या वर झोपावं लागू शकतं. डोकेदुखी, मळमळ, चक्कर यातलं काही असेल तर शर्यत विसरा, बसल्याबसल्या धाप लागत असेल किंवा तोल जात असेल तर लगेच हॉस्पिटल गाठायचं आणि खाली उतरायचं. ऑक्सिमीटरवर सुरुवातीला नव्वदच्या आसपास दिसलं म्हणून मात्र घाबरू नका, तिथे नव्याने आलेल्याला तसंच दिसतं.

फॉर्म भरताना नाव फोटो आयडीवर आहे तसंच टाका. आपल्याकडे आधारवर लग्नानंतरचं नाव, पासपोर्टवर माहेरचं, आणि मधलं नाव कुठे आहे कुठे नाही असा घोळ असतो, म्हणून एकच आयडी ठरवा आणि विमानाचं तिकीट, मेडिकल, फॉर्म सगळं त्यावरच्या नावाने करा. ब्लड ग्रुप अंदाजाने लिहू नका. इमर्जन्सी कॉन्टॅक्ट सोबत पळणाऱ्या मित्राचा देऊ नका, तोही त्या वेळी रस्त्यावरच असणार, जो घरी फोन उचलेल त्याचा द्या.

बिब (छातीवर लावायचा नंबर) सहसा स्वतः जाऊन घ्यावा लागतो आणि दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. जाताना मूळ आयडी, कन्फर्मेशन मेलची प्रिंट आणि मेडिकलची मूळ प्रत न्या. प्रिंट मुद्दाम म्हणतोय, कारण बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेडच लागतं, आणि काउंटरवर उभं राहून मेल उघडत नाही म्हणून हॉटेलच्या वायफायकडे पळणारे दरवर्षी असतात. तिथे डॉक्टरने बीपी-ऑक्सिजन बघून नको म्हटलं तर हुज्जत घालू नका, पुढच्या वर्षीसाठी एंट्री ढकलता येते का ते तिथल्या तिथे विचारून घ्या, आणि हो म्हणाले तर मेलवर लेखी मागा.