खर्डा, पक्की प्रत आणि ती उतरवणारे हात

मॉस्कोच्या छापखान्यातून मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायचे कागद, टपालाने टॉल्स्टॉयच्या यास्नाया पोल्याना या गावच्या घरी यायची. टॉल्स्टॉय आधी समासात नुसत्या खुणा करायचा: राहिलेलं विरामचिन्ह, गळालेलं अक्षर. मग एखादा शब्द बदलायचा, मग वाक्य, मग परिच्छेदच्या परिच्छेद. शेवटी कागद इतका काळा व्हायचा की तो तसाच परत पाठवण्यात अर्थ नसायचा. त्या रेघा, बाण आणि खाडाखोडीतून वाट काढणं एकाच माणसाला जमत होतं, त्याच्या बायकोला. सोफिया रात्र रात्र बसून ते सगळं स्वच्छ उतरवून काढायची. सकाळी तिच्या टेबलावर बारीक, नेटक्या अक्षरातले कागद रचलेले असत. टॉल्स्टॉय ते एकदा शेवटचं बघतो म्हणून आपल्या खोलीत न्यायचा आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा सगळं काळं झालेलं असायचं. मग बायकोची माफी, परत असं करणार नाही अशी कबुली, आणि दुसऱ्या दिवशी तेच. कधी मुद्रितं रवाना झाल्यावर एखादा शब्द आठवायचा आणि तो बदलण्यासाठी तार जायची. हे त्यांचा मुलगा इल्या याने आठवणींत लिहून ठेवलं आहे. कादंबरी ‘ॲना कॅरेनिना’, काळ १८७५ ते १८७७, मासिकातून क्रमशः छपाई चाललेली.

लेखनाच्या कार्यशाळांत हल्ली हमखास सांगतात की पहिला खर्डा हा फेकायचाच असतो, खरं लेखन पुनर्लेखनात आहे. सांगण्याचा सूर असा, की जणू कादंबरी जन्मली तेव्हापासून हेच चालत आलंय. मला त्या उपदेशात आधी सोफियाचं टेबल दिसतं. कादंबरी किती वेळा पुन्हा लिहिली जाणार हे लेखकाच्या चिकाटीवर ठरतं, हे मान्य. पण ती दर वेळी उतरवून कोण देणार आणि त्याचा खर्च कुणाच्या माथी बसणार, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

आपल्याकडे तर ‘प्रत शुद्ध करणं’ या शब्दांचा अर्थच निराळा होता. शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. नकलाकारांच्या हातून तीनशे वर्षांत जे पाठ बिघडले होते ते काढून टाकायचे, मूळ होतं तसं परत आणायचं, असं ते काम. शेवटी नाथांनी ताकीदही देऊन ठेवली: यापुढे जो कुणी ज्ञानेश्वरीत आपली ओवी घालील, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. कादंबरीकार हाच उद्योग स्वतःच्या ताटात करत असतो. रोज एक नरोटी ठेवून बघायची, आणि दुसऱ्या दिवशी उचलायची.

युरोपातही जुन्या कादंबऱ्यांचे खर्डे फारसे हाताला लागत नाहीत. छापून झालं की हस्तलिखिताचं काम संपलं, ते जपावं असं कुणाला वाटत नसे. जेन ऑस्टिनच्या प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांपैकी तिच्या हातची पानं उरली आहेत ती फक्त ‘पर्स्वेशन’च्या शेवटच्या दोन प्रकरणांची, आणि तीही पहिल्या रूपातली, तिने पुढे बदलली म्हणून. १८१६च्या जुलैत कादंबरी संपली होती. पण शेवटून दुसऱ्या प्रकरणातली नायक-नायिकेची दिलजमाई तिला फिकी वाटली. तिने ते प्रकरण बाजूला काढलं आणि त्या जागी दोन नवी लिहिली. नवी पानं छापखान्यात गेली आणि नाहीशी झाली, टाकून दिलेली आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. ‘द वॉटसन्स’ या तिच्या अर्धवट कादंबरीच्या हस्तलिखितात तर वाढीव मजकूर कागदाच्या वेगळ्या तुकड्यांवर लिहून टाचण्यांनी टोचलेला सापडतो. शिवणकामाच्या डब्यातलीच टाचणी असणार ती. पान पुन्हा उतरवायचं नसेल तर ठिगळ लावायचं.

फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने हे ओझं सरळ छापखान्यावर टाकलं. तो जुळवलेल्या मुद्रितालाच खर्डा समजायचा. मोठ्या समासाची मुद्रितं मागवायची, चारही बाजूंनी लिहायचं, परत पाठवायची, पुन्हा मागवायची, असं दहा-दहा, पंधरा-पंधरा वेळा. त्याचा मजकूर जुळवण्याची पाळी आली की कंपोझिटर, म्हणजे खिळे (धातूची सुटी अक्षरं) जुळवणारे कामगार, कुरकुरायचे, असं सांगतात. गंमत म्हणजे तरुणपणी बाल्झाकने स्वतः छापखाना काढून तो बुडवला होता, कर्ज करून ठेवलं होतं. दुरुस्तीचा खर्च किती येतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं, तरी तो करायचा, आणि पुष्कळदा तो खर्च त्याच्याच मानधनातून वळता व्हायचा.

पुनर्लेखनाचं व्रत म्हणून जे आपण ओळखतो ते मात्र फ्लोबेरचं. फ्रान्समधल्या रुआं शहराजवळ, सीन नदीकाठी क्रुआसे इथे त्याचं घर. सप्टेंबर १८५१ मध्ये त्याने ‘मादाम बोवारी’ लिहायला घेतली आणि १८५६च्या वसंतात हातावेगळी केली. खर्डे, टिपणं, आराखडे मिळून साडेचार हजारांच्या आसपास पानं शिल्लक आहेत, छापील पुस्तकाच्या दसपट म्हणा ना. पानाच्या दोन्ही बाजू वापरलेल्या. एका पानाचा पुढचा खर्डा झाला की आधीच्या पानावर भली मोठी फुली. आणि वाक्य कानाला बरं लागतंय का हे तो मोठ्याने ओरडून म्हणून बघायचा.

त्यातला कृषिप्रदर्शनाचा प्रसंग घ्या. गावात बक्षीससमारंभ चाललाय, खाली चौकात अधिकाऱ्यांची भाषणं, वर नगरभवनाच्या खिडकीत रोदोल्फ हा एमाला गोड बोलून जाळ्यात ओढतोय. भाषणाचं एक वाक्य, प्रेमाचं एक वाक्य, असं करत दोन्ही आवाज जवळ जवळ येत जातात आणि ऐन प्रेमालापाच्या मध्ये शेणखताचं बक्षीस पुकारलं जातं. वाचताना पंधरा-वीस मिनिटं लागतात. फ्लोबेरला १८५३ मधले कित्येक महिने लागले. का लागले ते खर्डे बघितले की कळतं. आधी सगळं लांबलचक आहे, भाषणं आख्खी आहेत, वर्णनं आहेत. पुढे प्रत्येक फेरीत काटछाट होत होत दोन आवाजांमधली ‘असं तो म्हणाला’ छापाची जोडवाक्यं गळून पडतात. शेवटी उरतो तो नुसता आवाजावर आवाज.

एवढं करून प्रकाशकाकडून पाच वर्षांच्या हक्कांसाठी मिळाले ८०० फ्रँक. वडील रुआंच्या रुग्णालयाचे मुख्य शल्यविशारद होते, घरची मिळकत होती, म्हणून हे परवडलं. ज्याला लेखनावर पोट भरायचं होतं त्याची गोष्ट वेगळी.

डोस्टोव्हस्कीची वेगळीच होती. १८६५ मध्ये ‘गुन्हा आणि शिक्षा’चा बराचसा मजकूर मनाला येईना म्हणून त्याने जाळून टाकला आणि नव्याने सुरुवात केली, म्हणजे पुनर्लेखनाची आच त्यालाही होती. पण कर्जापायी त्याने स्तेलोव्हस्की नावाच्या प्रकाशकाशी करार करून ठेवला होता. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं जे लिहील ते सगळं फुकटात स्तेलोव्हस्कीचं. ऑक्टोबर उजाडला तरी एक ओळ झाली नव्हती. मग ॲना स्नित्किना ही लघुलेखन शिकलेली विशीतली मुलगी कामाला ठेवली. तो दुपारी सांगायचा, ती टिपून घ्यायची, रात्री घरी जाऊन पक्की प्रत करायची. सव्वीस दिवसांत ‘जुगारी’ पूर्ण झाली. मुदतीच्या दिवशी प्रकाशक गावातून गायब! शेवटी हस्तलिखित पोलीस ठाण्यात जमा करून पोचपावती घेतली. काही महिन्यांनी दोघांचं लग्न झालं, आणि पुढच्या मोठ्या कादंबऱ्याही अशाच तयार झाल्या: त्याने सांगायचं, तिने टिपायचं, स्वच्छ उतरवायचं, त्यावर त्याने पुन्हा हात फिरवायचा. नंतर ॲना त्याची पुस्तकंही स्वतःच छापून विकू लागली. १८८५ मध्ये नवऱ्याच्या पुस्तकांची आवृत्ती घरूनच काढावी असं सोफिया टॉल्स्टॉयच्या मनात आलं, तेव्हा ती सल्ला विचारायला ॲनाकडेच गेली. त्या बैठकीत दोघी आणखी काय बोलल्या असतील याची मला फार उत्सुकता आहे.

मराठी कादंबरी याच सुमाराला नियतकालिकांच्या आश्रयाला आली. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ त्यातून क्रमशः दिली. दर आठवड्याला अंक काढायचा, संपादक तेच, लेखक तेच. मागच्या आठवड्याचं प्रकरण वाचकांच्या घरात जाऊन पडलेलं. ते आता कसं बदलणार? त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या, काही पसरट झाल्या, त्याचं खापर नुसतं लेखकाच्या स्वभावावर फोडणं मला पटत नाही.

पुस्तकं थेट निघू लागली तरी अडचण संपली नाही, ती खिळ्यांत शिरली. छोट्या छापखान्यात अख्ख्या कादंबरीला पुरतील एवढे खिळे नसायचे. एकदम छापायच्या सोळा पानांचा एक फर्मा जुळवायचा, छापायचा, जुळवलेला मजकूर सोडून खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकायचे आणि त्याच खिळ्यांतून पुढचा फर्मा. म्हणजे विसावं प्रकरण तपासताना लेखकाला तिसऱ्यातली चूक सापडली तरी इलाज नाही, तिसरं छापून गठ्ठ्यात गेलेलं. चालू फर्म्यातही एक शब्द घातला की ओळ सरकते, ओळ सरकली की पान सरकतं. म्हणून दुरुस्ती करताना जेवढी अक्षरं काढली तेवढीच घालायची, अशी तारेवरची कसरत करणारे लेखक आणि मुद्रितशोधक असत. असं करून बसवलेलं वाक्य नेहमी चांगलंच असतं असं नाही, पण कधीकधी असतं.

बरं, पुन्हा पुन्हा लिहिलं नाही म्हणून पुस्तक वाया जातं असंही नाही. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’मधल्या पहिल्या छत्तीस रात्री नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत लिहिल्या. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये जेमतेम दोन-अडीच आठवड्यांत लिहून झाली. त्याच नेमाड्यांच्या ‘हिंदू’ची वाट मात्र वाचकांनी काही दशकं पाहिली, ती आली २०१० मध्ये.

विसाव्या शतकात लेखकाच्या टेबलाशी आणखी एक जण येऊन बसला, संपादक. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स या प्रकाशनसंस्थेतल्या मॅक्सवेल पर्किन्सने नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘द ग्रेट गॅट्सबी’च्या हस्तलिखिताबद्दल फिट्जेराल्डला पत्र लिहिलं. त्याचा आशय असा, की तुझा गॅट्सबी धूसर वाटतो, तो दिसतच नाही, आणि त्याच्याकडे पैसा कुठून आला याचा वाचकाला अंदाज तरी यायला हवा. फिट्जेराल्ड रोममध्ये होता. त्याने जुळवून आलेल्या गॅलींवरच, म्हणजे पानं पाडण्याआधीच्या लांब मुद्रितांवरच, सहावं-सातवं प्रकरण जवळजवळ नव्याने रचलं आणि गॅट्सबीचं पूर्वायुष्य उचलून आधी आणलं. याच पर्किन्सने मार्जोरी रॉलिंग्ज हिच्या मागे लागून फ्लोरिडाच्या रानातल्या पोराची गोष्ट लिहून घेतली. ती १९३८ मध्ये आली. मराठीत आपण तिला ‘पाडस’ म्हणून ओळखतो, आणि अनुवाद राम पटवर्धनांचा, म्हणजे ‘सत्यकथा’ या मराठी वाङ्मयीन मासिकाच्या संपादकाचा. श्री. पु. भागवत आणि पटवर्धन यांच्या टेबलावरून साहित्य परत यायचं ते काय खटकलं हे सांगणाऱ्या पत्रासह, पुन्हा लिहून बघा अशा सुचवणीसह. त्या पत्रांचा कुणी धसका घेतला, कुणी ती जन्मभर जपली. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद झाली.

टाइपरायटरने उतरवण्याचं काम हलकं केलं असं वाटतं, पण त्याने ते दुसऱ्या खोलीत नेलं इतकंच. तिथे टायपिस्ट बसली. ब्रिटिश लेखक लेन डेटन याची सहायक एलेनॉर हँडली एकेक प्रकरण कित्येक डझन वेळा टाइप करायची. आयबीएमचा तंत्रज्ञ तिचं यंत्र दुरुस्त करायला आला, त्याच्या हे कानावर पडलं आणि त्याने कंपनीचं नवं यंत्र सुचवलं. चुंबकीय फितीवर मजकूर साठवणारा तो टाइपरायटर नव्वदेक किलोचा होता. १९६८ मध्ये तो डेटनच्या लंडनमधल्या घरात न्यायला खिडकी काढून क्रेन लावावी लागली. चालवायची हँडलीच. ‘बाँबर’ ही कादंबरी त्यावर तयार होऊन १९७० मध्ये निघाली, आणि वर्ड प्रोसेसरवर झालेली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. एका हवाई हल्ल्याच्या चोवीस तासांची ती गोष्ट. विमानं, माणसं, वेळा यांचा एवढा गुंता, की एका ठिकाणचं घड्याळ हललं की दहा ठिकाणी हात घालावा लागे. यंत्र नसतं तर ते दहा प्रकरणं पुन्हा बडवणं आलं असतं, हँडलीच्याच बोटांनी.

आता खोडलेला शब्द दिसतच नाही, त्याच जागी नवा येऊन बसतो. क्रुआसेचे कागद मात्र फ्लोबेरच्या भाचीने १९१४ मध्ये रुआंच्या ग्रंथालयाला दिले. त्याचं अक्षर, त्या फुल्या, ओळींमधल्या ओळी यंत्राला वाचता येईनात. तेव्हा रुआंच्या विद्यापीठाने देशोदेशीच्या स्वयंसेवकांना पानं वाटून दिली. त्यांनी ती साडेचार हजार पानं अक्षर अक्षर लावत, खोडलेल्या शब्दांसकट, उतरवून काढली, आणि २००९ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली.